विलीस स्टेशन वॅगन, १९५५: घरच्या शेडमधील काम आणि बदल कुठवर करावेत

कृष्णाकाठचा

नमस्कार. गेल्या दीड वर्षापासून कराडजवळच्या आमच्या घरामागील शेडमध्ये मी १९५५ सालच्या विलीस स्टेशन वॅगनचे काम करीत आहे. आतापर्यंत जे उघडले, मोजले आणि काही वेळा बिघडवलेही, त्याची नोंद येथे ठेवावी आणि ज्या एका बाबतीत माझे मन ठरत नाही त्याविषयी जाणकारांचे मत घ्यावे, एवढाच या धाग्याचा हेतू आहे. व्यवसायाने मी छापखानेवाला आहे. यंत्र उघडून पुन्हा जोडण्याची सवय हाताला आहे. मोटारीचे इंजिन मात्र या गाडीपूर्वी मी कधी उघडले नव्हते.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांनी जीपचे नाक आणि छोट्या बसचे धड अशी कल्पना करावी. अमेरिकेतील टोलेडो येथील विलीस-ओव्हरलँड कंपनीने ती १९४६ मध्ये बाजारात आणली आणि तिचा आराखडा ब्रुक्स स्टीव्हन्स यांचा होता. तोवर स्टेशन वॅगन म्हटली की मागचा सांगाडा लाकडाचा आणि वरचेवर वॉर्निश मागणारा असे. या गाडीचे सगळे अंग पत्र्याचे होते, आणि सुरुवातीच्या गाड्यांवर लाकडाचा भास व्हावा म्हणून पत्र्यालाच चौकटीसारखे उठाव देऊन ते वेगळ्या रंगात रंगवलेले असत. चारही चाकांना जोर मिळणारी आवृत्ती १९४९ मध्ये आली. माझी गाडी त्या प्रकारची आहे. हे पत्रे दाबणाऱ्या पुरवठादाराची यंत्रे घरगुती उपकरणांच्या कामाची होती आणि त्यांना खोल दाब झेपत नसे, म्हणून स्टीव्हन्स यांनी बाजू जवळजवळ सपाट ठेवल्या. सत्तर वर्षांनंतर त्याचा लाभ मला झाला: मागच्या दोन्ही बाजूंचे खालचे कुजलेले पत्रे कराडच्या औद्योगिक वसाहतीतील एका बेंडिंग मशिनवर एका दुपारी तयार होऊन आले. गोलसर मडगार्डांची एखादी फियाट असती, तर हे काम माझ्या आवाक्यात नव्हते.

गाडी मला एका बागायतदार कुटुंबाकडून मिळाली. गोठ्याशेजारच्या छपरात ती एकोणीस वर्षे उभी होती आणि मागच्या बाकाखाली कोंबड्यांचा संसार मांडलेला होता. नोंदणीपुस्तक मात्र शाबूत आहे आणि मुंबई राज्याच्या काळातील, ‘बीएम’ने सुरू होणारा क्रमांकही तोच आहे.

अडचण इंजिनाची आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या कुटुंबाने मूळ पेट्रोल इंजिन काढून तेथे महिंद्र जीपमध्ये येणारे प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन बसवले आणि त्याची रीतसर नोंद पुस्तकात केली. ते बसावे म्हणून चासीची एक आडपट्टी गॅस कटरने कापली, रेडिएटर पुढे ढकलला आणि इंजिनामागचा पत्रा एका ठिकाणी घणाने आत दाबला. तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स जागेवर आहे. मूळ इंजिन भंगारात गेले. डिझेल इंजिन आजही दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुरू होते.

माझ्यापुढे तीन वाटा आहेत. आहे ते डिझेल ठेवून बाकीची गाडी नीट करावी. मूळ जातीचे एफ-१३४ पेट्रोल इंजिन शोधून बसवावे. किंवा आधुनिक इंजिन, पाच गिअर, डिस्क ब्रेक, वातानुकूलन असे सगळे करून रोज वापरता येईल अशी गाडी बनवावी. तिसरी वाट मुलाला आवडते. मला दुसरी आवडते, पण ती का आवडते हे मला नीट सांगता येत नाही, आणि म्हणूनच येथे विचारतो आहे.

डिझेलप्रेमी

सर्वप्रथम अभिनंदन, कारण अशी गाडी गोठ्यातून बाहेर काढणे हेच मोठे काम आहे. परंतु पेट्रोल इंजिन परत बसवण्याचा विचार मला पटलेला नाही. आमच्या घरी जीप होती आणि तिचेही पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले होते. त्या काळात पेट्रोलच्या आणि डिझेलच्या भावात एवढे अंतर होते की शेतकऱ्याला पेट्रोलची जीप परवडतच नसे. डिझेल बसले म्हणूनच त्या गाड्या चालत राहिल्या. ज्यांना बसले नाही त्या भंगारात गेल्या. आपल्या गाडीने पेट्रोलवर जेवढी वर्षे काढली, जवळजवळ तेवढीच डिझेलवर, चालत आणि उभी राहून, काढली असावीत. मग तिचा खरा इतिहास कोणता? टोलेडोचा तेवढा इतिहास आणि ऊसपट्ट्यातला तो बिघाड, असे का मानायचे?

कलम५२

भावनेचा भाग बाजूला ठेवून कायद्याचा भाग सांगतो, कारण येथे निवड त्यावरही अवलंबून आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेले, खासगी वापराचे दुचाकी किंवा चारचाकी वाहन त्यात बसते. मात्र चासीत, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि नूतनीकरणाचे ५,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी असते. तपासणीसाठी राज्य पातळीवर समिती असते. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो, तेव्हा आपला ‘बीएम’ सुरक्षित राहील. या नोंदणीची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी: अशी गाडी नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती आणि त्यासाठीचे येणे-जाणे एवढ्यापुरतीच मुभा असते.

सर्वसाधारण नोंदणीत राहायचे असेल, तर मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. इंजिन बदलायचे तर नोंदणी प्राधिकरणाची मंजुरी आणि पुस्तकात नोंद हवी. चिरंजीवांना सांगावे की तिसरी वाट तंत्रज्ञाच्या शेडमध्ये सोपी आणि परिवहन कार्यालयात अवघड आहे. त्यांच्या मनातील गाडी पुस्तकावर चढलीच नाही, तर अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल याचाही विचार करावा.

डिझेलप्रेमी यांच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. कायदा गाडीचा इतिहास पाहत नाही, तपशीलपत्रक पाहतो.

ओहायोकर

मी टोलेडोपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर राहतो आणि माझ्याकडे याच गाडीची १९५३ ची भावंड आहे, त्यामुळे राहवले नाही.

आपल्या गाडीचे मूळ इंजिन म्हणजे ‘हरिकेन’ नावाचे एफ-१३४: चार सिलिंडर, २,१९९ सीसी, सुमारे ७० अश्वशक्ती. इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये अशी त्याची विचित्र रचना आहे. हेच इंजिन सीजे-३बी जीपमध्ये होते आणि ती जीप महिंद्रने अनेक दशके बनवली. त्यामुळे या इंजिनाचे सुटे भाग मला येथे जेवढे सहज मिळतात, तेवढेच तुम्हाला तिकडे मिळतील, आणि कमी पैशांत मिळतील. जीपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, ८० इंच आणि वॅगनचा १०४ इंचांहून अधिक, त्यामुळे शाफ्ट आणि ब्रेकच्या नळ्या वेगळ्या लागतात, पण इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) ही एकाच घरची माणसे आहेत. मागच्या दोन फळ्यांच्या दाराची रबरे आणि काचेच्या पट्ट्या मात्र येथूनच मागवाव्या लागतील.

एक सावधगिरी. आपली गाडी १९५५ ची असल्याने तिची विजेची व्यवस्था मुळात ६ व्होल्टची असणार. या इंजिनांच्या ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १२४ दाते असतात आणि १२ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १२९. स्टार्टर एकाचा आणि फ्लायव्हील दुसऱ्याचे असे झाले, तर पहिल्या दिवशी नुसता आवाज येतो आणि महिन्याभरात दाते झिजून जातात. इंजिन घ्याल तेव्हा दाते मोजूनच घ्या.

वेगाबद्दलही अपेक्षा आधीच ठरवून ठेवाव्यात. मागच्या आसाचे गुणोत्तर ४३ ला ८, म्हणजे ५.३८ असेल, तर २९ इंची टायरवर ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३,१०० फेरे फिरते. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, १११ मिलिमीटरचा आहे. एवढ्या लांब स्ट्रोकच्या इंजिनाला तासन्‌तास त्या फेऱ्यांवर पळवणे म्हणजे वयस्कर माणसाला जिना चढायला लावण्यासारखे आहे. ट्रान्सफर केसच्या मागे बसणारा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे उतरवणारा जादा गिअर, मी लावला आहे. त्यासाठी काहीही कापावे लागत नाही आणि फेरे साधारण चतुर्थांशाने उतरतात.

कृष्णाकाठचा

सर्वांचे आभार. कलम५२ यांचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला आणि तिसरी वाट त्याच संध्याकाळी बंद झाली. डिझेलप्रेमी, आपला मुद्दा मनातून जात नाही; त्याकडे पुढे येतोच.

इंजिन मिळाले. सांगलीकडे एका मोडीत निघालेल्या सीजे-३बीचे आहे, फ्लायव्हीलचे दाते दोनदा मोजले, १२९ भरले. त्यामुळे गाडी १२ व्होल्टची होणार हे आपोआप ठरले. ब्लॉकवर महिंद्रचे ओतकाम आहे. इंजिन टेबलावर चढवले असून उघडण्याचे काम सुरू केले आहे.

आता लाजिरवाणा प्रश्न. इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, सुटत नाही. दिसतील तेवढे सगळे बोल्ट काढले, रात्रभर तेल सोडून ठेवले, लाकडी ठोकळा लावून चहूबाजूंनी ठोकले. मागची बाजू केसभर उचलते, मधला भाग हलत नाही. काल संयम सुटला आणि फटीत छिन्नी घातली. तिचा एक ओरखडा हेडच्या तळाला पडला आहे. छापखान्यात एखाद्या नवशिक्याने असे केले असते तर मी त्याला दिवसभर शाई घोटायला बसवले असते.

बोरिंगवाला

छिन्नी बाजूला ठेवा आणि कार्ब्युरेटर काढा.

या इंजिनात इनलेट मॅनिफोल्ड वेगळा नसतो, तो हेडमध्येच ओतलेला असतो आणि कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो. तो काढल्यावर खालच्या भोकात टॉर्च मारून पाहा: आत एक हेडबोल्ट दिसेल. बाहेरून तो कोणालाच दिसत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात मी तीस वर्षे बोरिंगचे काम करतो आहे, आणि या एका बोल्टाने फोडलेली हेडे माझ्याकडे किती आली याचा हिशेब ठेवलेला नाही. दुरुस्तीच्या पुस्तकात तो आहे, पण पुस्तक पाहतो कोण? आपले हेड केसभर उचलते आहे याचा अर्थ ते अजून फुटलेले नाही. नशीब समजा.

ओरखडा किती खोल आहे ते नखाने पाहा. नख अडकत असेल तर हेड फेसिंगला, म्हणजे तळ यंत्रावर सपाट करायला, द्यावे लागेल, मात्र कमीत कमी माल काढायला सांगा.

ब्लॉकविषयी: मूळ बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, सव्वातीन इंचांपेक्षा आठवा भाग कमी, म्हणजे ३ पूर्णांक १/८ इंच आहे. सिलिंडरच्या वरच्या कडेला बोट फिरवून काठ लागतो का ते पाहा आणि मग बोअर गेजने तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजा. तीसच्या, म्हणजे मूळ मापापेक्षा तीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठ्या, पिस्टनमध्ये काम होत असेल तर चाळीसवर जाऊ नका, म्हणजे पुढच्या माणसाला एक संधी राहते. क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंगे आहेत, तेव्हा मधल्या जर्नलची गोलाई नीट तपासा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट बाजूचे झाकण उघडून ठेवावी लागते आणि इनलेटची वरून रॉकरवर. थंड इंजिनावर इनलेट १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ. ब्लॉकमधील एक्झॉस्ट सीटा कडक धातूच्या बसवलेल्या असतात, त्यामुळे शिसेविरहित पेट्रोलची भीती बाळगू नये.

भीती बाळगायचीच तर ती इथेनॉलची. आता पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या रबराचा पंप-डायफ्रॅम आणि नळ्या त्यात फुगतात, आणि टाकीतला गंज सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, अडकतो. नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्या, टाकी आतून स्वच्छ करा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. मिश्रण थोडे फिके पडते, तेव्हा जेट एक पायरी मोठा लागू शकतो. प्लग काढून त्याचा रंग पाहून ठरवा, अंदाजाने नको.

कृष्णाकाठचा

बोल्ट सापडला. दहा मिनिटांत हेड टेबलावर. नख अडकले नाही. आपला फोटो असता तर छापखान्यात लावला असता.

मांडवीकाठी

इंजिनावर एवढी चर्चा झाली, पण या गाड्या इंजिनाने मरत नाहीत, पत्र्याने मरतात. गोव्यात समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस यांच्यामध्ये माझ्या हातून दोन गाड्या गेल्या, त्यावरून लिहितो.

आपल्या गाडीवर ऐंशीच्या दशकातले डेंटिंग असेल, तर ठिगळे पितळेने झाळलेली असण्याची शक्यता मोठी आहे. रंग खरवडल्यावर पिवळी रेघ दिसली की थांबा. पितळ लागलेल्या कडेवर मिग वेल्डिंग धरत नाही. ठिणग्या उडतात, भोके पडतात आणि जोड ठिसूळ होतो. पितळेच्या रेघेच्या पलीकडे, स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापूनच नवा तुकडा घालावा. पत्रा १८ गेजचा साधा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्यावा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा गंजत नाही म्हणून मोह होतो, पण त्यावरचे जस्त जळताना निघणारा धूर बंद शेडमध्ये माणसाला आजारी पाडतो. वेल्डिंगचे टाके दूर दूर घालावेत: एक येथे, दुसरा वीतभर अंतरावर, मग मध्ये. सपाट बाजू दाबायला सोप्या, पण वेल्डिंगच्या उष्णतेने त्याच सर्वांत आधी लाटा धरतात, हा स्टीव्हन्स साहेबांच्या सपाटपणाचा दुसरा चेहरा आहे. गोलाई असलेला पत्रा स्वतःला सावरून धरतो. सपाट पत्र्याला ते जमत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मी स्वतः चुकवली होती. वेल्डिंगपूर्वी कडा पुसायला ब्रेक क्लीनर वापरू नका. त्यांपैकी क्लोरीनयुक्त द्रावणांपासून वेल्डिंगच्या ज्वाळेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. त्या दिवशी शेडचे दार उघडे होते एवढेच माझे पुण्य.

सगळे झाले की दारांच्या तळातील पाणी जाण्याची भोके मोकळी आहेत ना ते तपासा. रंगारी ती हमखास लांबीने (पुट्टीने) बुजवतात.

रंगरेषा

मांडवीकाठी यांच्या शेवटच्या वाक्याबद्दल रंगारी जमातीच्या वतीने निषेध नोंदवते आणि ते खरे आहे असेही मान्य करते.

दादा, रंगाची निवड करण्यापूर्वी दाराच्या खांबावर, रबराखाली झाकलेल्या जागी, बोटभर लांबीची खिडकी घासा. १२० पासून सुरू न करता ४०० च्या पाणकागदाने, हळूहळू, प्रत्येक थर बशीच्या कडेसारखा उघडा पडेल असे. आपल्याला गाडीच्या सगळ्या रंगांच्या वळ्या एकाखाली एक दिसतील आणि सर्वांत खालची मूळची असेल. नाशिकच्या माझ्या कार्यशाळेत एका जुन्या गाडीचे मालक पांढऱ्या रंगाचा आग्रह धरून आले होते. खिडकी घासल्यावर खाली निळा निघाला आणि त्यांचा आग्रह तेथेच संपला.

घरी रंग मारणार असाल तर एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. आजच्या टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेला तर दम्यासारखा विकार जडू शकतो आणि तो एकदा जडला की थोड्याशा वासानेही उसळतो. तोंडाला रुमाल बांधून हे काम करू नये. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर प्रायमरपर्यंतचे काम घरी करावे आणि शेवटचे हात रंगाचा बंदिस्त बूथ असलेल्या ठिकाणी द्यावेत. जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग घरी मारता येतो, पण पावसाळ्यात मुळीच नको. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक धरते आणि ती पॉलिशने जात नाही.

कृष्णाकाठचा

रंगरेषाताई, खिडकी घासली. वरून: चॉकलेटी, पांढरा, पुन्हा पांढरा, करडा प्रायमर, आणि तळाशी मळकट हिरवा. हिरवाच ठरला. तो बूथमध्ये मारून घेईन.

पितळेबद्दलचा इशारा तंतोतंत लागू पडला. मागच्या चाकांच्या कमानींवर नऊ ठिगळे पितळेची निघाली. कापलेली आडपट्टी जुन्या जीपवरून मापे घेऊन नव्याने बनवली आणि रिव्हेटसह बसवली. एफ-१३४ बसल्यावर ती नेमकी जुळली, तेव्हा खरे सांगायचे तर शेडमध्ये एकटाच असूनही मी टाळी वाजवली.

आता ब्रेक. मूळ व्यवस्थेत ब्रेकचे तेल दाबणारा एकच मास्टर सिलिंडर आणि तेलाची एकच वाट आहे, म्हणजे एका चाकाची नळी फुटली की चारही चाके मोकळी. ड्रम मूळचेच ठेवून दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवण्याचे ठरवत आहे. शिवाय पुढच्या दोन आसनांना पट्टे. यावर काय म्हणणे आहे?

बोरिंगवाला

माझा सोपा निकष असा, की जो बदल पान्याने उलटवता येतो तो करावा आणि ज्याला उलटवायला कटर लागेल तो टाळावा. ओव्हरड्राइव्ह पान्याचा, १२ व्होल्ट पान्याचे, दोन वाटांचा मास्टर सिलिंडर कंसावर बसवला तर पान्याचा. डिस्क ब्रेकला आणि पॉवर स्टिअरिंगला सहसा कटर लागतो.

ब्रेकचे काम काढलेच आहे तर मागचे हब. या आसांची टोके निमुळती असतात आणि हब चावीवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीवर, घट्ट बसलेले असते. दोन पायांच्या पुलरने ओढू नका, ड्रम वाकतो. पाचही स्टडना धरणारा जड पुलर लावून, नट टोकाशी उलटा ठेवून, पुलरच्या स्क्रूवर घण मारा. बसवताना नट पुरेसा आवळा, दहा-वीस किलोमीटर चालवा आणि पुन्हा आवळा. ढिला राहिला तर चावी कापली जाते आणि आस चावीच्या खाचेतूनच तुटतो. गाडी जॅकवर असताना खाली आधाराच्या घोड्या लावल्याशिवाय घण उचलू नका. पुलर सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो आणि गाडी हलते.

डिझेलप्रेमी

बोरिंगवाला, आपला निकष ऐकायला उत्तम आहे, पण तो आसनपट्ट्यांपाशी मोडतो. पट्ट्यांसाठी खांबाला आणि जमिनीला भोके पाडावी लागतील, मागून जाड पट्टी वेल्ड करावी लागेल. ते पान्याचे काम नव्हे. म्हणजे आपल्याला पटलेला बदल चालतो, आणि त्या शेतकरी कुटुंबाने गरजेपोटी केलेला बदल चालत नाही, एवढाच फरक राहतो.

कृष्णाकाठचा

डिझेलप्रेमी, आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे आणि दोन आठवडे मी यावर विचार केला.

पट्टे बसवणार आहे. भोके पाडणार आहे, पट्टी वेल्ड करणार आहे, आणि ती कुठे व कशी केली याची मापे लिहून नोंदणीपुस्तकाच्या प्रतीसोबत ठेवणार आहे. या गाडीत माझी नात बसणार आहे. निकष मोडला तर मोडला.

डिझेलविषयी माझे मत थोडे बदलले आहे. ते इंजिन बसवणाऱ्यांनी गाडी वाचवली हे मला मान्य आहे. माझा आक्षेप इंजिनावर नव्हताच, आडपट्टी कापून जो कायमचा दोष राहिला त्यावर होता. डिझेलच्या धक्क्यांनी इंजिनामागच्या पत्र्याचे सात स्पॉट वेल्ड तुटले होते आणि चासीच्या डाव्या पट्टीला तड जाऊ लागली होती. ही गाडी आणखी दहा वर्षे तशीच चालली असती, तर आज आपण इंजिनावर वाद घालायला गाडी उरली नसती. त्यांनी त्या वर्षी काय करावे हे मी कोण सांगणार? मला मात्र आता शेतमाल ओढायचा नाही, आणि ती सवलत त्यांना नव्हती.

दाबलेला पत्रा ठोकून सरळ केला, पण घणाचा एक ठसा आतल्या बाजूने, जेथे दिसत नाही, तसाच ठेवला आहे.

ओहायोकर

दोन वाटांच्या सिलिंडरबद्दल छोटी सूचना. ड्रम ब्रेकसाठीचाच घ्या. डिस्कसाठीच्या सिलिंडरात ड्रमच्या वाटेवर थोडा दाब धरून ठेवणारी झडप नसते आणि मग पहिल्या दाबाला पाय खोल जातो.

कृष्णाकाठचा

काल सकाळी इंजिन सुरू झाले. तीसचे पिस्टन, नव्या बेअरिंगा, फटी १८ आणि १६. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असताना मी वायरी १-२-४-३ लावल्या होत्या, त्यामुळे पहिला तासभर कार्ब्युरेटरमधून फक्त शिंका आल्या आणि एक शिंक माझ्या भुवईपर्यंत पोहोचली. वायरी बदलल्यावर दुसऱ्या फेऱ्यात इंजिन लागले. अर्धा तास चालवले, तेलाचा दाब नीट आहे, पाणी तापत नाही. मागच्या मेन सीलमधून रात्रीत रुपयाएवढा डाग पडतो.

बोरिंगवाला

डाग नाण्याएवढाच राहिला तर हात लावू नका. वाढला तर सांगा. पहिले तेल ५०० किलोमीटरला काढा आणि गाळून पाहा; या इंजिनाचा फिल्टर तेलाचा काही भागच गाळतो, सगळे तेल त्यातून जात नाही, म्हणून तेल नवे ठेवणे हाच खरा फिल्टर.

डिझेलप्रेमी

सुरू झाल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. आता एक स्वार्थी प्रश्न: ते काढलेले प्यूजो इंजिन विकणार आहात का? आमची जुनी जीप अजून आहे, आणि तिच्या इंजिनाचा ब्लॉक गेल्या हिवाळ्यात तडकला.

कृष्णाकाठचा

विकणार नाही, नेऊ शकता. शेडच्या कोपऱ्यात लाकडी चौकटीवर उभे आहे आणि आठवड्यातून एकदा हाताने फिरवतो. मात्र माझ्या पुस्तकावर अजून त्याचाच क्रमांक आहे. परिवहन कार्यालयात एफ-१३४ ची नोंद होईपर्यंत ते माझ्याच गाडीचे इंजिन आहे, तेव्हा थोडे थांबावे लागेल. येताना दोन माणसे आणि चेन ब्लॉक आणा. इंजेक्शन पंपाची सीले मी बदललेली नाहीत, तेवढे पाहून घ्या.